कोळंबीची जर्सी

गल्फ वॉरच्या वेळी मी सौदीत होतो म्हटलं, की लोक खुर्ची पुढे ओढतात. त्यांना क्षेपणास्त्रं ऐकायची असतात. माझ्याकडे निघतात जर्स्या! एक सांगायला घ्यावी, तर तिच्या बाहीला धरून दुसरी बाहेर येते. हसवणाऱ्या फार नाहीत, आधीच सांगून ठेवतो.

* * *

धाहरानजवळच्या आमच्या कॅम्पात पोरांसाठी एक छोटं आइस रिंक होतं. बाहेर वाळू, आत बर्फ! ज्युनिअर आइस हॉकीच्या चार टीम होत्या, आणि दरवर्षी सर्वांत चांगल्या जर्सी-डिझाइनची स्पर्धा व्हायची. मी ड्रॉइंग ऑफिसात आहे, एवढ्यावरच कॅनेडियन कोच मॅकने मला परीक्षक केलं.

"अरे, मी बर्फ पाहिला तो फक्त उसाच्या रसात!"

"उत्तम! म्हणजे तू कुणाच्याच बाजूचा नाहीस."

पुढे माझा निखिलच एका टीमचा गोलकीपर झाला, तेव्हा मी राजीनामा द्यायला गेलो. मॅकने तो घेतला नाही. "तू स्वतःच्या मुलाला मार्क कमीच देशील. इंडियन बाप मला माहीत आहेत!"

* * *

ऑगस्टात कुवेतवर हल्ला झाला. त्यानंतर डिझाइनं आली, तर तीन टीमच्या छातीवर उंट! एका अमेरिकन खेळाडूची आई माझ्याकडे आली. "आमच्या उंटाचं तोंड फिरवता येईल का? तो कुवेतकडे धावतोय असं वाटतं."

मॅक म्हणाला, "मॅडम, मुलगा वळला की उंटही वळेल."

पुढच्या आठवड्यात ती मुलाला घेऊन अमेरिकेला गेली. एक उंट कमी झाला.

* * *

चौथी टीम निखिलची. त्याने छातीवर काढली कोळंबी! सुनंदा, म्हणजे माझी बायको, कतीफच्या मासळीबाजारातून आणायची, तीच. मॅकने विचारलं, "प्रॉनच का?"

"बिकॉज इट एस्केप्स बॅकवर्ड्स, सर. लाइक अस!"

त्या दिवसांत कॅम्पात घरोघरी बॅगा भरल्या जात होत्या. मॅक हसला नाही. मीही नाही.

* * *

जर्स्या शिवायला रत्नागिरीचे इस्माइलभाई. खोबरला त्यांचं टेलरिंगचं दुकान. त्यांनी सगळ्या जर्स्या ऐसपैस शिवल्या. मॅक खूश! आत जाडजूड पॅड घालायचे असतात, हे या माणसाला न सांगता कळलं!

इस्माइलभाईंना पॅड ठाऊकच नव्हते. "वाढत्या आंगाचां शिवलंय. पुढच्या वर्षाला पण होवाला पायजे ना पोरांना?"

मी त्याचं इंग्रजी करून मॅकला सांगितलं. मॅकने एक जर्सी उचलून तिच्या लांब बाह्या दुमडल्या आणि पुन्हा घडी घातली.

* * *

गॅस मास्कची रंगीत तालीम झाली ती रिंकवरच. मास्क चढवल्यावर सगळी पोरं सारखीच दिसायला लागली. आया घाबरून जर्सीवरचे नंबर ओरडत होत्या आणि त्यावरून आपापलं मूल ओळखत होत्या. आमच्या मार्कांच्या तक्त्यात 'दुरून ओळखू येणे' असा एक रकाना होता. त्या दिवशी मी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले.

* * *

स्पर्धेचा नियम एकच, पण कडक. टीमचे सहाच्या सहा खेळाडू जर्सी घालून बर्फावर यायला हवेत, नाहीतर डिझाइन बाद. टीममधून रोज कुणीतरी गळत होतं. कोळंबीवाले मात्र सहा होते, आणि निखिलला एवढं एकच पाहिजे होतं, आपली कोळंबी सहा जणांच्या छातीवर बर्फावर दिसायला हवी.

मग सुनंदा आणि निखिलला पुण्याला परतायला विमानात जागा मिळाली, ती नेमकी स्पर्धेच्या आदल्या दिवशीची! पुढची कधी मिळेल, मिळेल की नाही, कुणीच सांगेना. मी त्यांना पाठवलं. एअरपोर्टवर निखिल रडला नाही, ते मला जास्त लागलं. त्याने फक्त जर्सी माझ्या हातात दिली. "बाबा, कुणालाही घाला, बट मेक इट सिक्स."

मी हो म्हणालो.

* * *

दुसऱ्या दिवशी रिंकवर गेलो, तर बर्फाचा प्लांट बंद. बर्फाचं घोट्यापर्यंत पाणी झालेलं. उरलेली कुटुंबंही रातोरात निघून गेली होती. आत फक्त मॅक आणि जर्स्यांच्या इस्त्रीला आलेले इस्माइलभाई. आम्ही तिघांनी निखिलची धरून सहा कोळंब्या कठड्यावर ओळीने टांगल्या. बाकीच्या जर्स्याही टांगल्या. मॅकने खरोखर मार्क द्यायला लावले. मी दिले.

मग रिंकच्या ऑफिसातून पुण्याला फोन लावला. निखिलनेच उचलला.

"बाबा, सगळे आले?"

"आले."

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा. कोळंबी पहिली आली!"

तो म्हणाला, "मग मागे आवाज का नाही?"

आइस हॉकीत खेळाडू टाळ्या वाजवत नाहीत, काठ्या आपटतात. मॅकला मराठीचं अक्षर कळत नाही, पण त्याने माझा चेहरा पाहिला. त्याने कोपऱ्यातल्या दोन काठ्या उचलल्या, दोन इस्माइलभाईंच्या हातात कोंबल्या, आणि दोघं त्या पाण्यात उतरून कठड्याच्या फळ्यांवर धडाधड काठ्या आपटायला लागले. मॅक ओरडत होता, "गो प्रॉन्स!" इस्माइलभाई अरबीत ओरडत होते, "यल्ला! यल्ला!"

"बाबा, एक मिनिट बोलू नका," निखिल म्हणाला. "मला ऐकू द्या."

मी रिसीव्हर दाराबाहेर धरला.