पाहुण्यांची जागा सोडून काढलेला फोटो

भाऊंचं पहिलं काम मी केलं ते फोनचं. म्हणजे कानाला फोन लावलेला फोटो. नाशिकमध्ये कुठल्याही चौकात मान वर करा, बॅनरवर तो दिसतोच. पांढराशुभ्र शर्ट, नजर लांब कुठेतरी, कानाला मोबाईल, जसं काही अख्ख्या वॉर्डाचं पाणी त्याच फोनवरून सोडतात. शूट चालू असताना भाऊंचा फोन खरंच वाजला. त्यांनी बघितला, कट केला आणि परत कानाला लावला.

"पोझ बिघडते मॅडम," म्हणाले.

मला इतकं हसू आलं की कॅमेरा हलला. त्यांना तो हललेलाच फोटो आवडला. नॅचरल आलाय म्हणे.

मी फ्रीलान्स फोटोग्राफर आहे, आणि आधीच सांगते, मला माझी गिऱ्हाइकं आवडत नाहीत. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, सगळं करते. द्राक्षबागेतली प्री-वेडिंग पण करते, जिथे होणारा नवरा होणाऱ्या बायकोच्या ओठांजवळ द्राक्षाचा घड धरून पंधरा मिनिटं पुतळ्यासारखा उभा राहतो. एकीने त्या पोझमध्येच, ओठ न हलवता विचारलं होतं, "धुतलंय का? फवारणी असते." सगळ्या शूटमध्ये तेवढं एकच वाक्य खरं होतं आणि नेमकं ते फोटोत येत नाही.

पण सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते सत्कारांनी. सत्काराच्या फोटोचा एक नियम आहे. देणारा आणि घेणारा, दोघांनी वस्तू धरायची आणि दोघांनी माझ्याकडे बघायचं. एकमेकांकडे नाही, माझ्याकडे! मी 'झालं' म्हणेपर्यंत कोणी वस्तू सोडत नाही. आणि एखाद्याने चुकून आधीच घेतली तर परत द्यायला लावतात. "सोडू नका, सोडू नका, मॅडमचा राहिलाय!" म्हणजे सत्कार व्हायचा असतो तो माझ्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर. स्टेजवर नुसती तालीम.

तर भाऊ. भाऊ अजून कोणी नाहीत, नगरसेवकपदाचे इच्छुक आहेत. निवडणूक कधी लागेल तेव्हा लागेल, तोवर ते इच्छा करतात आणि मी त्या इच्छेचे फोटो काढते. जूनमध्ये त्यांनी दहावीच्या गुणवंतांचा सत्कार ठेवला. दिंडोरी रोडवरचं मंगल कार्यालय, वेळ सकाळी अकरा. प्रमुख पाहुणे म्हणजे भाऊंचे पक्षातले वरचे साहेब. मी साडेदहालाच पोचले आणि दारातल्या कार्यकर्त्याने मला विचारलं, "फोटोग्राफर कधी येणार आहेत, ताई?"

"आलेत," म्हटलं.

त्याने माझ्या मागे बघितलं. माझ्या मागे कोणी नव्हतं.

हाच कार्यकर्ता टेबल मांडून बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येक पोराकडून ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेत होता. झेरॉक्स चालत नव्हती. मला वाटलं तपासत असतील. तर म्हणाला, "छे हो. ओरिजिनल ठेवून घेतली की पोरं पळत नाहीत. मागच्या वर्षी साहेब आले तेव्हा हॉलमध्ये आम्ही आणि आचारी, एवढेच उरलो होतो."

काय डोकं आहे ना? सत्काराला बोलवायचं आणि ओलीस ठेवायचं!

अकरा वाजले, बारा वाजले. साहेब 'निघालेत'. दीड वाजता ते पिंपळगावला होते. अडीच वाजताही पिंपळगावलाच होते. पोरांनी कचोरी खाल्ली, आयांनी एकमेकींच्या पोरांचे टक्के विचारले, माइकवाला 'हॅलो हॅलो' करून दमला. मी खुर्च्यांचे फोटो काढले.

तेवढ्यात एक बाबा माझ्याजवळ आले. पेठच्या बाजूचे. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, मागे त्यांची मुलगी. ती त्यांच्या पाड्यावरच्या शाळेत पहिली आलेली. सगळ्यांना सोडून ते माझ्याकडे का आले असतील? तर त्या हॉलमध्ये काहीतरी करताना दिसत होती ती मी एकटीच.

"ताई, तेवढी मार्कशीट मिळंल का? पाच वाजता खिडकी बंद व्हईल."

"कसली खिडकी?"

मग मुलगीच बोलली, भराभर. नाशिकच्या कॉलेजात अकरावीला तिला जागा मिळाली होती. राहायला वसतिगृह हवं, त्याचा फॉर्मही भरलेला होता. फक्त ओरिजिनल दाखवून शिक्का मारून घ्यायचा होता आणि त्याचा आज शेवटचा दिवस. ऑफिस पार नाशिकरोडला.

"आणि नाही झालं तर?"

"नाय झालं तं आमच्यासंगं द्राक्षाच्या छाटणीला," बाबा म्हणाले. अगदी साधं, बस चुकली तर पुढची, असं बोलावं तसं. मुलगी त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती टेबलाकडे बघत होती.

घड्याळात तीन वाजून गेलेले. मी तडक भाऊंकडे गेले.

"भाऊ, त्या पेठच्या मुलीची मार्कशीट देऊन टाका. तिला जायचंय."

"पाच मिनिटं मॅडम. साहेब ओझरला आलेत."

"तिचं ऑफिस बंद होईल. वर्ष जाईल तिचं."

"अहो, तिचाच तर फोटो पाहिजे!" भाऊ माझ्याकडे बघून असे हसले जसं मला धंदाच कळत नाही. "बाकी सगळी शहरातली गुबगुबीत पोरं. बॅनरवर ती टाकून काय दिसणार? ही पोरगी, मध्ये मी, बाजूला साहेब. तिच्याशिवाय बॅनरला अर्थच नाही."

मला त्यांच्या पांढऱ्या शर्टावर कचोरीची चटणी ओतावीशी वाटली. खरंच, वाटी हाताशीच होती. पण चटणीने मार्कशीट मिळाली नसती. या माणसाला वर्ष कळत नव्हतं, खिडकी कळत नव्हती, फक्त फोटो कळत होता. मग म्हटलं, चला, फोटोतच बोलू.

"भाऊ, साहेबांची जागा सोडून आत्ताच काढते. साहेबांना नंतर एडिटमध्ये बसवते."

भाऊंनी आवाज खाली आणला. "कळणार नाही?"

"मागच्या बॅनरवर तुम्ही साहेबांच्या शेजारी उभे होतात. तेव्हा होतात का तिथे?"

"नव्हतो," असं म्हणून ते एवढे खुश झाले की मला टाळी द्यायला हात पुढे केला. माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते, बरं झालं.

स्टेजवर गेलो. मधोमध भाऊ, त्यांच्या उजवीकडे मुलगी, डावीकडे साहेबांपुरती रिकामी जागा. भाऊंनी हवेतल्या साहेबांसाठी अदबीने जरा वाकून घेतलं, म्हणजे नसलेल्या माणसासमोरही पाठ बरोबर वाकते यांची. मुलीच्या हातात ट्रॉफी देऊन ती भाऊंच्या पुढ्यात धरायला लावली आणि एक बाजू मोकळी ठेवायला सांगितली, तिथे नंतर साहेबांचा हात येणार म्हणून.

"बाळा, इकडे साहेब उभे आहेत असं समज आणि हास," भाऊ म्हणाले.

तिने रिकाम्या जागेकडे बघितलं. नीट, वरपासून खालपर्यंत.

"इथं कोणीच नाय," म्हणाली.

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. मी क्लिक केलं. भाऊंना शाल पांघरूनही एक हवा होता, पेढा भरवतानाचा पण. मी म्हटलं, "आलाय! एक नंबर आलाय!" स्क्रीनकडे न बघता असं आयुष्यात पहिल्यांदा बोलले. बघितलं असतं तर तिथे अजून दहा मिनिटं गेली असती.

आणि मग मार्कशीट सापडेना! गठ्ठा होता, तिची नव्हती. कार्यकर्ता टेबलाखाली, खुर्चीखाली, स्वतःच्या खिशात शोधतोय. चार वाजले. बाबा नुसते त्याच्या हातांकडे बघत होते. शेवटी मुलीनेच कचोरीचा रिकामा ट्रे उचलला. त्याखाली होती. कोपऱ्यावर तेलाचा हा एवढा डाग.

"जरा तेल लागलंय, काय होत नाही," कार्यकर्ता म्हणाला.

तिने ओढणीने तो डाग टिपला, मार्कशीट प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी छातीशी धरली. ट्रॉफी तिथेच टेबलावर राहिली. मी धावत बाहेर जाऊन रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला 'द्वारका चौकात अडकू नका, आतून घ्या' असं दोनदा सांगितलं आणि बाबांना माझा नंबर दिला. रिक्षा गेली. सव्वाचार.

आत आले तर कार्यकर्ता ट्रॉफी पुसत होता. "राहिली वाटतं," म्हणाला. "चला, पुढच्या वर्षी कामाला येईल."

साहेब आलेच नाहीत. पावणेपाचला फोन आला, ते परस्पर एका लग्नाला गेले. भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "तरी बरं आपण काढून ठेवला!" आपण! मी पाच वाजेपर्यंत उरलेल्या पोरांचे सत्कार उरकले आणि मधल्या वेळात एकशेवीस वेळा तरी घड्याळ बघितलं. द्वारका डोळ्यासमोरून जात नव्हती.

पावणेसहाला अनोळखी नंबर.

"झालं ताई," बाबा होते. "शेवटून तिसरा नंबर हिचा. खिडकीतल्या बाई डाग बघून म्हणाल्या, काय सांडलं हे? पण शिक्का मारला."

मी तिथेच, कार्यालयाच्या पायरीवर, 'येस्स' म्हणून ओरडले. मग मुलीने फोन घेतला.

"ताई, तो फोटो बॅनरवर नका लावू."

"का गं?"

"पाड्यावर समदे इचारतील, ते साहेब काय बोलले तुला? मी काय सांगू? ते नव्हतेच ना."

माझ्या गिऱ्हाइकांच्या अख्ख्या जमातीत हा प्रश्न आजवर एकालाही पडलेला नाही.

म्हटलं, नाही लावणार. आणि भाऊंना फोन केला. त्या मुलीचे डोळे मिटलेत फोटोत, म्हटलं, वापरता येणार नाही. आता आरडाओरडा होईल म्हणून मी फोन कानापासून लांब धरला होता.

"मग दुसरी कुठली पोरगी टाका ना," भाऊ म्हणाले. "कोण ओळखतंय? फक्त जरा गरीब दिसणारी बघा."

दुपारी तीन वाजता जिच्याशिवाय बॅनरला अर्थ नव्हता, ती ही!

दुसरी कुठली पोरगी मी टाकली नाही. रात्री जेवण झाल्यावर बसून त्या फोटोतून मुलीला सावकाश पुसून काढलं, केस, ओढणी, बोटं, सगळं. ट्रॉफी ठेवली. भाऊंना जरा आत सरकवलं, साहेबांचा जुना फोटो शेजारी लावला आणि ट्रॉफी दोघांच्या हातात दिली. मुद्दाम. म्हटलं, आता तरी चिडतील.

त्यांचं उत्तर लगेच आलं. "मस्त! आता आम्ही मोठे दिसतो." पुढे दोन अंगठे.

बॅनर तीन आठवडे चौकात होता. वर ठळक अक्षरात 'गुणवंत विद्यार्थ्यांचा भव्य सत्कार सोहळा', आणि खाली दोन दणकट गडी एकमेकांना ट्रॉफी देतायत. विद्यार्थी एकही नाही. मी रोज तिथून जायचे. कोणीतरी थांबेल, हसेल, निदान फोटो तरी काढेल, अशी मला फार आशा होती.

कोणी थांबलं नाही. उलट त्याच बॅनरखाली उभे राहून आणखी दोन इच्छुकांनी मला काम दिलं. त्यांनाही अगदी तसाच हवा होता.