‘तयार करून देल्ला’

त्या खुनाची केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. जिल्ह्यातल्या एका मोठ्या पुढाऱ्याला सभा आटोपून गाडीत बसताना सुऱ्यानं भोसकलं होतं. मंत्री, पेपरवाले, सगळे अकोल्यात येऊन पडले. मी तेव्हा हवालदार. शिक्षण सातवी नापास, पण ठाण्यात माझ्यासारखं अक्षर कोणाचं नव्हतं, म्हणून जबाब लिहायला मलाच बसवायचे.

सुरा जागेवर सापडला, संशयितही ताब्यात होता. पण सुरा त्याचाच, हे सिद्ध कसं करायचं? माझ्या खबऱ्यानं सांगितलं की खुनाच्या आदल्या दिवशी हा माणूस जठारपेठेकडे धार लावणाऱ्या एका चाचाच्या दुकानात दिसला होता. चाचाला मी ठाण्यात आणलं. आल्या आल्या त्यानं विचारलं, चपला कुठं काढू? असा माणूस बहुतेक खरं बोलतो, हा माझा अनुभव.

साहेबांनी त्याला सुरा दाखवला. चाचानं मान तिरपी करून नीट पाहिलं.

“मूठ मले नाही वयखू येत. पण धार माही हाय. म्याच तयार करून देल्ला त्याले.”

पुढं ओळखपरेडीत त्यानं माणूसही बरोबर ओळखला.

आमचे साहेब पुण्याकडचे, नवीनच बदलून आलेले. ते म्हणाले, “तयार केला म्हणजे बनवला. बनवला म्हणजे विकला. लिहा, विकत दिला.”

मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे धार लावली की विळा तयार झाला म्हणतात.

“हवालदार, तुम्ही सातवी कितीदा नापास झालात?”

सगळे हसले. मी लिहिलं. अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, त्यामुळे कागदावर काय चढलं ते चाचाला कळलंच नाही.

कोर्टात आरोपीच्या वकिलानं विचारलं, सुरे विकता का? चाचा म्हणाला, जिंदगीत एक इकला नाही, मी धार लावतो. झालं. सरकारी वकिलानं आपल्याच साक्षीदाराला फितूर ठरवलं. माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी व्हरांड्यात बजावलं, कागदावर आहे तेच बोला. मी पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं, ‘तयार करून’ हा शब्द चाचाचा, ‘विकत’ हा आमचा.

मग वकिलानं मलाच धरलं, आणखी काय काय घुसडलं? सुऱ्याचा पुरावा गेला, संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला. अरे, आदल्या दिवशी सुऱ्याला धार लावून घेतली, हा पुरावा काय कमी होता? खरी गोष्ट हातात होती, ती आम्ही सुधारून बिघडवली.

नंतर चाचाकडे गेलो. त्यानं चाक थांबवलं नाही.

“मी खरं बोललो अन् फितूर झालो, हवालदार. मोहल्ल्यात लोक म्हणून राहिले, बुढा आरोपीले मिळाला. आता कोनाकोनाले सांगू?”

मी वर्दीतच समोरच्या चहाच्या टपरीवर गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, चाचा खोटा नाही, आमचा कागद खोटा, आणि तो माझ्या हातचा. त्याबद्दल मला मेमो मिळाला. मिळो.

आता जबाब कॉम्प्युटरवर घेतात म्हणे. घ्या. पण माणूस जे बोलेल ते तसंच लिहा. नाही समजलं तर त्यालाच विचारा, तो समोरच बसलेला असतो.