संकलकाचं नाव आणि मामांची गाडी

माझी फजिती ऐकायचीच आहे ना? मग चहा आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

कोलकात्याहून चित्रपट संकलन शिकून मी नुकताच संभाजीनगरला परतलो होतो. डोक्यात एकच वेड! लोक नटाला डोक्यावर घेतात, दिग्दर्शकाला हार घालतात. पण ढीगभर तुकड्यांतून सिनेमा उभा करतो कोण? संकलक! त्याचं नाव कुणी वाचतं का?

अशात लासूर स्टेशनचे मामा आले. सोबत त्यांचे भागीदार शब्बीरचाचा. दोघांना दुपारच्या शोला नेलं. मामांनी आधीच बजावलं, "संध्याकाळी आमच्या सुमीला बघायला पाहुणे येणारेत. गाडी चुकली तर मामी मला घरात घ्यायची नाय!"

सिनेमा संपला. मंडळी उठली. मी मात्र रांगेच्या तोंडाशी हात पसरून उभा!

"बसा मामा. संकलकाचं नाव वाचल्याशिवाय उठायचं नाही."

"आरं, पण ते नाव तर..."

"मधे बोलू नका! वाचा!"

पडद्यावर ड्रायव्हर आले, स्वयंपाकी आले, कुत्रा सांभाळणारासुद्धा आला. संकलक काही येईना.

शब्बीरचाचांनी घड्याळ पाहिलं. "बेटा, ये एडिटर तुमारा रिश्तेदार है क्या?"

"चाचा, तो सगळ्यांचा आहे!"

शेवटी पडदा कोरा झाला. नावच नाही! मी पेटलो. तडक मॅनेजरच्या खोलीत.

"संकलकाचं नाव गाळलंत?"

"अहो, मी फक्त सिनेमा लावतो हो!"

मामा मागून सदरा ओढताहेत, "आरं, ऐक तरी..."

"अन्याय सहन करायचा नसतो मामा!"

व्हायचं तेच झालं. स्टेशनवर पोचलो, तर गाडीचा शेवटचा डबा दिसला. मग कांद्याच्या टेम्पोत, पोत्यांवर बसून लासूर! घरात पाहुणे ताटकळलेले, मामी लालबुंद.

मुलाचे वडील म्हणाले, "लई उशीर केलात?"

मीच पुढं झालो. संकलकाची उपेक्षा, गाळलेलं नाव, सगळं तळमळून सांगितलं. पाहुणे हळहळले. "अरेरे, नावच नाय दिलं?"

धोतरावरचं कांद्याचं टरफल झटकत मामा म्हणाले, "दिलं व्हतं की! सुरवातीलाच, हे एवढ्या अक्षरात. मी अन् शब्बीरनं वाचलं. ह्यो तवा बाहेर, डोअरकीपरला संकलक म्हंजी काय ते समजावत व्हता!"

बैठक अशी हसली म्हणता! मुलगा तर डोळे पुसत होता. स्थळ जमलं एकदाचं.

मी जरा सावरून म्हणालो, "सुमे, तुझ्या लग्नाच्या व्हिडिओचं संकलन मीच करणार हं!"

आतून आवाज आला, "नको दादा. तू आधी वेळेवर आत येऊन बसायला शिक!"