माझे ओरिजिनल फोटो

बेळगावहून मला बघायला आलेल्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि आईला विचारलं, "फोटो थोरल्या बहिणीचा होता का?"

मला बहीण नाही. मी आत निघून गेले.

आईच्या मोबाइलवर बघितलं, तेव्हा कोणता फोटो पाठवलाय ते मला कळलं. धारवाडला पदवीदानाच्या दिवशी मैत्रिणीने काढलेला. कॅमेऱ्यासमोर मी हसत नाही, त्या दिवशी दात दिसेपर्यंत हसले होते. अण्णाने, म्हणजे माझ्या भावाने, त्यातला माझा सावळा चेहरा पिठासारखा पांढरा केला होता.

अण्णा इथे हुबळीत, दुर्गदबैलच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात आहे. साड्यांचे फोटो काढायचे, उजळायचे, मूळ फाइल पुसायची, हे त्याचं रोजचं काम. घरचे फोटोही त्याच्याच कॉम्प्युटरवर असतात. मी त्यातली फोटोंची लायब्ररी उघडली. कॉलेज, चुलतबहिणीचं लग्न, बुद्धपौर्णिमा, सगळीकडे मी पांढरीफटक. ओरिजिनल एकही नाही. त्याचे स्वतःचे मात्र डोळे मिटलेले फोटोसुद्धा जपून ठेवलेले.

"माझे ओरिजिनल कुठायत?"

"डिलीट केले. डिस्क भरली होती. एकाचे दोन कशाला? चांगला ठेवलाय की."

"ट्रॅशमध्ये तरी?"

"तोही रिकामा केला. तुझ्यासाठीच केलं ना, मॅडम? एवढं इंग्लिश शिकलीस, थँक्यू म्हणता येत नाही?"

फाइल कायमची जाईल, चालेल का, असं ट्रॅश रिकामा करताना कॉम्प्युटर विचारतो. त्याने चालेल म्हटलं होतं. साडीला विचारत नाहीत, तसं मलाही विचारलं नव्हतं.

मैत्रिणीला फोन केला. तिचा तो मोबाइल केव्हाच बिघडला होता. तिच्याकडेही अण्णाने उजळून परत पाठवलेलाच फोटो होता.

"इरली बिड," आई म्हणाली. मला गप्प करायचं असलं की ती कन्नडवर जाते. "राहू दे. पावडर लावली की कुठं कळतंय?"

अण्णापेक्षा मला तिचाच जास्त राग आला.

तेवढ्यात मावशीचा फोन आला. हुबळीतलंच दुसरं स्थळ होतं. "अण्णाला फोटो पाठवायला सांग," ती आईला म्हणत होती. मी आईच्या हातातून फोन घेतला.

"मावशी, फोटो मी पाठवते. अण्णाने पाठवला तर मी पाहुण्यांसमोर बाहेर येणार नाही."

भर दुपारी गच्चीवर जाऊन मी स्वतःचा फोटो काढला. भुवया ताणलेल्या, नाकावर घाम. तसाच पाठवला.