वयनीबरोबर डोंगरमाथ्यावर

आमच्या मुळगावच्या घराच्या मागच्या दारातून पूर्वेला, लांबवर, एक डोंगर दिसतो. लग्न होऊन पार्सेहून इथे आले तेव्हापासून मी तो बघते आहे. माझी थोरली जाऊ तर माझ्याही कितीतरी आधीपासून. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तो समोर असायचाच. पण घरातलं कुणी त्याच्यावर कधी गेलं नव्हतं. कशाला जायचं, असाच सगळ्यांचा सूर.

मग वनखात्याने त्याच्या पायथ्याशी माहिती केंद्र उघडलं, वर जायला वाटा आखल्या, आणि गावातली तरुण मुलं तिथले फोटो मोबाईलवर दाखवू लागली. दिवाळीनंतरच्या एका रविवारी, पाववाला पोदेर ताजे उंडे देऊन गेला तेव्हा आम्ही चहा घेत बसलो होतो. जावेने कप खाली ठेवला आणि म्हणाली, "माका त्या डोंगरार जावचां आसा. आज."

तिला मी वयनी म्हणते. साठीला टेकलेली, घरातला प्रत्येक बेत 'बघूया' म्हणून पुढे ढकलणारी बाई. तिच्या तोंडून 'आज' ऐकून मी उंडा चहात बुडवायला विसरले.

भावजी, म्हणजे तिचे यजमान, हसले. त्यांचं सगळं आयुष्य खाणीवर ट्रक चालवण्यात गेलेलं. "आणि तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आसत. तुमी गाडी काढा."

माझे यजमान ड्युटीवर गेले होते. उंडे आणि भाजी डब्यात भरून आम्ही तिघंच निघालो. वयनीने लेकीचे जुने स्पोर्ट शूज घातले होते आणि पिवळी साडी चांगली खोचून घेतली होती. गाडीत ती पुढच्या सीटवर ताठ बसली होती, आणि वळण आलं की डोंगर कुठल्या बाजूला गेला ते मान वळवून बघत होती. तिची घाई मलाही लागली. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी मीही खिडकीतून वाकून बघू लागले.

माहिती केंद्रात काचेखाली अख्ख्या डोंगराची प्रतिकृती ठेवली होती. बटण दाबलं की त्यावरच्या वाटा दिव्यांनी उजळायच्या. वयनीने सगळी बटणं दाबून पाहिली, काही दोनदा. हिरव्या गणवेशातली एक मुलगी माहिती द्यायला होती. ती म्हणाली, "हिरवी वाट सोपी, मधल्या कट्ट्यापर्यंत जाते. लाल वाट तिथून पुढे थेट माथ्यावर. शेवटी खडी चढण आहे. आणि गवा दिसला तर थांबायचं. ओरडायचं नाही, पळायचं नाही. त्याला वाट दिली की तो जातो."

"हिरवी बरी," भावजी म्हणाले.

वयनीने लाल बटण पुन्हा दाबलं. "ही."

सुरुवातीला भावजीच पुढे होते. पण सवय गाडीची, पायांची नव्हे. मधल्या कट्ट्यावर पोचलो तेव्हा त्यांचा शर्ट भिजला होता आणि बोलताना धाप लागत होती. ते बाकावर बसले.

"दुखता खंय?" वयनीने घाबरून विचारलं.

"दुखणा नाय. दम लागलो. तुमी जावन या, मी हयसर बसतंय."

तिने त्यांना पाणी दिलं, डब्यातला एक उंडा हातात ठेवला, थोडा वेळ त्यांच्याकडे निरखून बघितलं. त्यांचा श्वास जाग्यावर आल्यावर माझ्याकडे वळली. "चल गो."

त्यानंतर आम्ही दोघीच. वाट झाडीतून वळत होती. एका वळणावर आधी वास आला, आमच्या गोठ्यासारखाच, पण जास्त उग्र. मग पानं खसफसली आणि वाटेच्या मधोमध गवा येऊन उभा राहिला. गवाच नव्हे, गवीण, कारण तिच्यामागे तांबूस रंगाचं पाडस होतं. काळंभोर अंग, गुडघ्यापासून खाली मोजे घातल्यासारखे पांढरे पाय. आमच्या पडवीएवढी तरी असेल.

मी थिजले. वयनीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची काकणं माझ्या हातात रुतली. गवीण बघत होती, आम्ही बघत होतो. आणि मग वयनी अगदी हळू, दूध काढताना आमच्या गायीशी बोलायची तशा आवाजात म्हणाली, "जा गो बाय. पाडसाक घेवन जा."

गवीण फुरफुरली, मान वळवली, आणि उताराने झाडीत शिरली. पाडस तिच्यामागे उड्या मारत गेलं. आम्ही कितीतरी वेळ हललो नाही. मग वयनीला हसू फुटलं, मलाही, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत आम्ही वाटेतच बसून हसलो. शेवटची खडी चढण कशी चढलो ते मला आठवतच नाही.

माथ्यावर वारा असा की उभं राहायला कठडा धरावा लागत होता. पश्चिमेला सगळा गोवा पसरला होता: खाणींनी कापलेल्या लाल टेकड्या, खड्ड्यांत साठलेलं हिरवं पाणी, माडांच्या बागा, नदीचं वळण, आणि शेवटी समुद्राची चकाकती रेघ. वयनी आमचं घर शोधत होती. ते काही सापडेना. तिने भावजींना फोन लावला.

"पोचलंय मी! वर बघा! दिसतंय काय?"

तिने फोन स्पीकरवर टाकून माझ्याकडे दिला, पदर सोडला आणि दोन्ही हातांनी वर धरला. वाऱ्याने तो निशाणासारखा फडफडला. मी मागून एका हाताने तिची कंबर धरली, नाहीतर तीही उडाली असती. फोनमधून भावजींचा आवाज मला ऐकू आला, "पिवळां दिसता! तूच मगो ती?"

"मीच!" ती ओरडली. माथ्यावर आलेल्या कॉलेजच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"थांब. खाली येव नको," भावजी म्हणाले. "मी येतंय."

आणि ते आले. दर वळणावर बसत, काठी टेकत, पण आले. वयनी त्यांना घ्यायला शेवटच्या दगडी पायऱ्यांपर्यंत उतरली आणि हाताला धरून वर घेऊन आली. भावजींनी कठडा धरून खाली नजर फिरवली. मग बोटाने खाली दाखवत म्हणाले, "तो बघ रस्तो. त्या रस्त्यान माझो ट्रक जाय."

"तो मागीर बघा," वयनी म्हणाली आणि तिने त्यांचे खांदे धरून त्यांना पूर्वेकडे वळवलं. तिकडे घाट होता, एकामागे एक निळ्या डोंगरांच्या रांगा, आमच्या मागच्या दारातून कधीच न दिसलेल्या. तिघंही तिकडे तोंड करून बसलो आणि उरलेले उंडे भाजीबरोबर खाल्ले.

उतरताना वयनी सगळ्यांच्या पुढे होती. वर येणारं कुणी धापा टाकत थांबलेलं दिसलं की ती सांगायची, "बसा थोडा वेळ, पण परत फिरू नकात. वर जावच."