सुटलो!

विठ्ठलवाडीत हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही शेजारी बसलो होतो, दोघांचेही गुडघे दुखरे. तो तिशीतला, उंच, कपाळावर टाक्यांची जुनी खूण. वांगणीचा मुलगा, गोव्यात, कोलकात्यात क्लबांकडून पगारावर फुटबॉल खेळलेला, बचावफळीत. बोलता बोलता सारखा खांद्यावरून मागे बघायचा.

"सवय हो काका," तो ओशाळून म्हणाला. "मागून कोण सुटलाय ते बघायची."

त्याच्या गुडघ्याचं एक ऑपरेशन आधीच झालं होतं. आणखी एक करून पुन्हा खेळता येईल का, ते आज कळणार होतं. नाव पुकारलं तसा तो आत गेला.

बाहेर आला तो हसतच. "खेळणं बंद म्हणाले. चालाफिरायला काही त्रास नाही."

"वाईट झालं," मी म्हणालो.

"नाही हो. हल्ली रोज भीत भीत मैदानात उतरायचो. पण बस झालं, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं. आज दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. सुटलो!"

मग त्याने आईला फोन लावला. "आये, घरीच येतोय. आता कायमचा."

पलीकडून ती काय म्हणाली कुणास ठाऊक. तो डोळे पुसत हसला आणि म्हणाला, "हो गं, सुकट चालेल."