मध्यरात्रीचा शुक्र

माझं नक्की काम काय, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कुणाला धड सांगता आलं नाही. कुणी विचारलं की ती म्हणायची, "पोरगी कोडोलीच्या शाळेत शिकवती, आन् सुटीला चांदण्या मोजती." गाण्यांचं ती बोलायचीच नाही, कारण गाणी दादाची, असं तिचं ठाम मत. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो पेटी वाजवायचा आणि त्याची स्वतःची गायन पार्टी होती. चौदा एप्रिलच्या आगेमागे महिनाभर गावोगाव जयंतीचे कार्यक्रम, घरी फक्त कपडे बदलायला यायचा. त्याला चाली सुचायच्या, शब्द नाही. शब्द माझे. कॅसेटवर मात्र त्याचं नाव हे एवढं मोठं आणि माझं खाली मुंगीएवढं. त्यावरून आम्ही किती भांडलोय!

आकाशाचं वेड मला एमएस्सी करताना लागलं. एका शिबिरात जाऊन सहा इंची आरसा हातानं घासला, शेताच्या पाइपलाइनीतला उरलेला पाइप मिळवून त्यात बसवला, आणि झाली दुर्बीण. ती एसटीच्या टपावर टाकून मी पार नेसरीपर्यंत नेलीय. कंडक्टर विचारायचा, "काय बाई, बोअर मारायला निघालाय व्हय?" पुढं दोन हजार सालानंतर नोकरीच सोडली आणि फुगवायचं तारांगण घेऊन जिल्ह्यातल्या शाळा पालथ्या घातल्या. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, मी कोल्हापुरातून रोज कोडोलीला जाऊन दहावीला विज्ञान शिकवत होते तेव्हाचं. अजून आठवलं की कान गरम होतात.

फौंड्रीत रात्रपाळीला गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईचं एक गाणं मी लिहिलं होतं. त्यात ओळ होती, 'सांज होता मावळतीला चांदणी शुक्राची'. दादानं दोनदा म्हणून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"मावळतीला म्हणताना आवाजच खाली बसतोय. 'मध्यरातीला माथ्यावर' कर. कसं वर जातंय बघ!"

मी म्हटलं, "अरे बाबा, शुक्र मध्यरात्री दिसत नाही. कधीच नाही. तो सूर्याला सोडून लांब जात नाही. एक तर संध्याकाळी पश्चिमेला दोन-तीन तास, नाहीतर पहाटे पूर्वेला. माथ्यावर कुठला येतोय?"

"ते तू वर्गात शिकव की. हितं गाणं चाललंय."

शिवाजी पेठेत एका दुकानावरच्या खोलीत रेकॉर्डिंग होतं. मी हट्टानं माझी ओळ एकदा म्हणायला लावली, तर नेमकी तेव्हाच खाली पेठेतल्या तालीम मंडळाची टीम फुटबॉलची मॅच जिंकून आली आणि फटाक्यांची माळ लागली. दुसऱ्यांदा दादानं त्याची ओळ म्हटली, ती स्वच्छ आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर मलाही त्याचीच ओळ आवडली होती. मी म्हटलं, "जाऊ दे. गाण्यात कोण बघतंय?"

ते गाणं असं उचललं लोकांनी की विचारू नका. वरातीत, रसवंतीत, ट्रॅक्टरवर, जिथं जाल तिथं मध्यरातीला माथ्यावर चांदणी शुक्राची. माझ्या वर्गातली पोरं मी फळ्याकडे वळले की मागून गुणगुणायची. मी रागावायचे आणि आतून फुगायचे.

त्याच वर्गात एक मुलगी होती. शेतकऱ्याची, घरी चार म्हशी, सकाळचं दूध डेअरीला घालून शाळेत यायची. माझी दुर्बीण कधी उघडली आणि ती तिथं नाही, असं झालं नाही. तिला अकरावीला कोल्हापूरला सायन्सला जायचं होतं. वडील तयार नव्हते. शेवटी शाळेनं जिल्ह्याच्या विज्ञान प्रश्नमंजूषेसाठी तिला निवडलं, तेव्हा त्यांनी तोडून सांगितलं, "पयली आलीस तर सायन्स. न्हाईतर हितंच आर्ट्स कर, आन् पावणं बघाय आलं तर त्वांड वाकडं करायचं न्हाई." पोरगी तीन महिने पुस्तकात डोकं घालून बसली. मीही तिच्याबरोबर बसले.

जानेवारीत स्पर्धा झाली. शेवटच्या फेरीपर्यंत ती पुढं होती. मग परीक्षकांनी विचारलं, "मध्यरात्री शुक्र आकाशात कुठं दिसेल?" हसत हसत विचारलं त्यांनी, सोपा प्रश्न म्हणून. माझी पोरगी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "माथ्यावर."

हॉल हसला. दोन गुणांनी दुसरी आली.

परतीच्या एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी आधी तिच्यावरच खेकसले. हो, तिच्यावरच! "अगं, तीनदा शिकवलंय वर्गात. पुस्तकातही आहे, पहाटे आणि संध्याकाळी. डोकं कुठं ठेवलं होतंस?"

ती हळूच म्हणाली, "पुस्तकात तेवढंच हाय, म्हाईत होतं मला. पण गाण्यात मध्यरातीचं हाय न्हवं? मला वाटलं, पुस्तकवाल्यांनी बघितलं नसंल. तुमी स्वतः बघून लिवलं असणार."

पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर मी म्हटलं, "उद्या तुझ्या घरी येते मी."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. वडील गोठ्यात होते. बसायला खुर्ची दिली, चहा दिला. मी सरळ सांगितलं, चूक तिची नाही, माझी. खोटं मी लिहिलं. मला माहीत असताना लिहिलं.

त्यांनी म्हशीच्या पाठीवरचा हात काढला नाही. "मला ठाव हाय की," ते म्हणाले. "रातीच्या लायटीला उसाला पाणी पाजाय जातोय आमी. इतक्या वर्सांत मध्यरातीला शुक्राची चांदणी कवा दिसली न्हाई. म्हटलं, गाणं हाय, चालायचंच."

मी उसळले. "मग पोरीला का नाही सांगितलंत?"

"सांगिटलं. म्हणती, बाईंच्यापेक्षा तुमाला जास्त कळतंय व्हय?"

मी म्हटलं, अट मागं घ्या. ते नाही म्हणाले. आणि वर असं बोलले की मी ते विसरलेले नाही. "एक चूक पोरीनं केली, तिचं शिक्षान गेलं. तीच चूक तुमी केलासा, तुमाला टाळ्या. ह्यो कुठला न्याव, बाई? आधी तुमी चार माणसांत सांगा, गाणं चुकलंय म्हणून. मग माझ्या अटीचं बघू."

दादाला सांगितलं तर तो खवळला. "चालतं गाणं कुणी दुरुस्त करतं का? येड लागलंय तुला." आठ दिवस आमचं बोलणं बंद. पण एप्रिलमध्ये कोडोलीला जयंतीच्या कार्यक्रमाला पार्टी निघाली, तेव्हा मीही गाडीत चढून बसले. उतरवायची त्याची टाप नव्हती.

दिवस मावळला होता. स्टेजसमोर पटांगण भरलेलं, आणि पलीकडं रस्त्यावर आपल्या ट्रॅक्टरला टेकून तिचे वडील उभे. दादानं पेटीवर त्या गाण्याचे सूर धरले आणि शिट्ट्या सुरू झाल्या. मी पुढं होऊन माईक घेतला. "थांबा. जयभीम. ह्या गाण्यात एक चूक आहे आणि ती मी केलीय." मग पश्चिमेला बोट केलं. उसाच्या वर शुक्र लखलखत होता. सांगितलं, हा बघा, साडेनऊच्या सुमाराला मावळेल, मध्यरात्री तुम्हाला दिसणार नाही. माझं गाणं ऐकून एका हुशार पोरीचं नुकसान झालंय.

"बाई, शाळा सुटली की वो!" एकजण ओरडला. "गाणं म्हणा!" सगळं पटांगण खिदळलं. मी माझी मूळची 'मावळतीला'ची ओळ म्हणून दाखवली. माझा आवाज म्हणजे काय सांगू! आणखी ओरडा झाला, "जुनंच म्हणा, जुनंच!" मी माईक सोडला नाही. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा दादानं मान खाली घालून पेटीची साथ धरली. किती जणांना ऐकू गेलं देव जाणे, पण पुढं कार्यक्रमभर म्हातारी माणसं माना वळवून पश्चिमेकडं बघत होती. साडेनऊला कुणीतरी भर गाण्यात ओरडलं, "गेली की वो बाई तुमची चांदणी!" रस्त्याकडं पाहिलं, तर ट्रॅक्टर केव्हाच निघून गेलेला. मला फार वाईट वाटलं.

जूनमध्ये निकाल लागला, मुलगी शाळेत पहिली. दोन दिवसांनी वडील तिला घेऊन शाळेत आले आणि दाखला मागितला. मला वाटलं, ठरलं कुठंतरी हिचं लग्न. मी तावातावानं विचारलं, "कशाला हवाय?"

"कोल्हापूरला लागतोय न्हवं?" ते म्हणाले. "सायन्सला."

पोरगी जमिनीकडं बघून हसत होती. ते खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. "खरी अडचण येगळीच हाय. एसटीनं रोज जाऊन-येऊन हुयाचं न्हाई, आन् तिथं आमचं कोण न्हाई. ऱ्हाणार कुठं ती?"

"माझ्या घरी," मी म्हटलं.

म्हटलं आणि जीभ चावली. आम्ही बौद्ध. त्यांना ते माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. चहा पाजणं वेगळं आणि वयात आलेली पोरगी आमच्या चुलीवरचं जेवायला, आमच्या घरात झोपायला पाठवणं वेगळं. त्यांची भावकी काय म्हणेल, हे मला न सांगता कळत होतं. शिक्षकांच्या खोलीत इतर मास्तरही बसले होते, ते वह्या तपासायचे थांबले. मी मनात म्हटलं, आता हे म्हणतील, बघू, विचारून सांगतो. हे 'विचारून सांगतो' मी आयुष्यात पुष्कळ ऐकलंय.

ते बराच वेळ टोपीची घडी घालत बसले. मग उठले, टोपी घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बरं. दर ऐतवारी दूध घिऊन यीन मी. आन् बाई, आत्ताच सांगून ठेवतोय, जेवल्याबिगर जाणार न्हाई."

पहिल्या रविवारी आईनं चार भाकरी जास्त थापल्या. पुरल्या नाहीत.